आई-बाबांना इंग्लंडमधलं समुद्रकाठचं छोटं गाव दाखवायचंय. लाइम रेजिसला दोन दिवस पुरतील का?

दोन दिवस भरपूर झाले. फक्त तारखा ठरवायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, हॉटेल नंतर. आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा नेमकं उलट केलं आणि पहिला दिवस भरतीचं पाणी बघत काढला.

लाइमची खरी मजा दगडांत आहे. कॉब म्हणजे तिथला जुना वळणदार धक्का. त्याच्या पश्चिमेला मॉनमथ बीच. ओहोटीला तिथे खडकाची सपाट फरशी उघडी पडते आणि तिच्यात रुतलेले अमोनाइट, म्हणजे गोल वळणाच्या शंखाच्या प्राचीन समुद्री जिवांचे जीवाश्म, दिसतात, काही तर चांगले परातीएवढे. वय सुमारे २० कोटी वर्षं. सासरे वाकून एकावर बोट फिरवत म्हणाले, "अगं, हा तर आपल्या देवघरातला शाळिग्राम!" चुकलं नव्हतंच त्यांचं. गंडकीच्या शाळिग्रामातलं चक्र अमोनाइटचंच असतं. तिथून त्यांना हलवायला पाऊण तास लागला. वाट गोट्यांची आहे, चपला नकोत.

घरी न्यायला छोटे हवे असतील तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या चारमथला जा. किनाऱ्यावरच्या सुट्या गोट्यांतच शोधा, कड्याखाली अजिबात जाऊ नका, दरड कधीही येते. इथली प्रसिद्ध जीवाश्म शोधणारी मेरी अ‍ॅनिंग, तिचा कुत्रा ट्रे १८३३ मध्ये असाच गेला, ती थोडक्यात वाचली. मेरी लाइमच्या सुताराची मुलगी. १८११ मध्ये तिच्या भावाला इक्थिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी सापडली, उरलेला सांगाडा हिने शोधला, जेमतेम बारा-तेराची असताना. गावातलं म्युझियम तिच्या घराच्या जागेवरच आहे. २०२२ मध्ये तिचा पुतळा बसवला, त्यात ट्रेसुद्धा आहे.

लंडन वॉटर्लूहून अ‍ॅक्समिन्स्टरपर्यंत ट्रेन, पुढे बस. लाइमचा स्वतःचा रेल्वेफाटा १९६५ मध्येच बंद झाला. गाव म्हणजे नुसता चढउतार, त्यामुळे बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर खोली खाली, समुद्राजवळच घ्या. कॉबच्या वरच्या भिंतीला कठडा नाही, वर ती समुद्राकडे कललेली. आईंना खालूनच चालवा.

आणि फिश अँड चिप्स आडोशाला बसून खा. सीगलने सासूबाईंच्या हातातला तुकडा उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, "आपल्याकडे कावळ्याला पिंडासाठी तासभर बोलवावं लागतं, हा मेला न बोलावता हजर!"