धर्म आणि सरकार वेगळं ठेवावं का? कोल्हापूरकर म्हणून माझं उत्तर

तुम्ही विचारलंय की धर्म आणि सरकार वेगळे ठेवावेत का, आणि खाली असंही लिहिलंय की आपल्याकडे राजानेच धर्म सांभाळायचा अशी परंपरा आहे, हे वेगळं ठेवायचं खूळ बाहेरून आलं. माझं उत्तर हो, वेगळेच ठेवावेत. आणि बाहेरून आलं म्हणाल तर तसं नाही, आमच्या कोल्हापुरात सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न खुद्द राजासमोर उभा राहिला होता.

१८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले होते, तेव्हा भटजी वेदोक्त, म्हणजे वेदांमधले मंत्र न म्हणता पुराणोक्त, म्हणजे शूद्रांसाठी म्हणायचे पुराणांमधले मंत्र म्हणत होते, कारण त्यांच्या लेखी छत्रपतीसुद्धा शूद्र. म्हणजे बघा, राज्य ज्याचं त्यालाच नदीच्या घाटावर सांगितलं जातंय की तुझी पायरी ही. पुढं राजोपाध्यांनी, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनी पण वाड्यातले विधी वेदोक्त पद्धतीने करायला नकार दिला, महाराजांनी १९०२ मध्ये त्यांचं इनाम जप्त केलं, अपिलं इंग्रज सरकारपर्यंत गेली आणि तिथेही महाराजांचाच निर्णय टिकला. या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू का, राजोपाध्ये हे पद दरबारचं, त्याची जमीन दरबारने दिलेली, आणि तेच पद माणसांची पायरी ठरवत होतं. सरकारच्या पैशावर धर्माचं पद बसवलं की हे होतंच, राजाला सोडलं नाही तर साध्या माणसाचं काय घेऊन बसलात. आणि हे मंत्रांपुरतं राहत नाही, महाराज १८९४ ला कारभार बघायला लागले तेव्हा दरबारच्या ७१ जागांपैकी ६० एकाच जातीकडे होत्या. मग २६ जुलै १९०२ ला निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्याचा जाहीरनामा निघाला, तो कोल्हापूरच्या गॅझेटमध्ये.

आता यावर लोक म्हणतात की मग सरकारने धर्मात अजिबातच पडू नये, मधे भिंत बांधून टाका. अमेरिकेने १७९१ ला घटनेत दुरुस्ती करून तसं केलं, फ्रान्सने १९०५ ला कायदा केला. पण इंग्लंडमध्ये आजही २६ बिशप वरच्या सभागृहात बसतात, म्हणजे तिकडेही सगळीकडे एकच पद्धत आहे असं काही नाही. आपल्याकडे नुसती भिंत बांधून मला चालणार नाही, कारण भिंतीच्या आत कुणीतरी अडकलेलं असतं. महाराजांनी १९१९ मध्ये हुकूम काढला की शाळा, दवाखाने, पाणवठे अशा सार्वजनिक जागी शिवाशिव पाळायची नाही, आणि १९२० मध्ये देवाला मुली सोडायच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. हे धर्मात पडणंच होतं की. पण ते ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्या बाजूने पडणं होतं. आपल्या घटनेत २५ व्या कलमात नेमकी हीच सोय आहे, धर्म पाळायचं स्वातंत्र्य सगळ्यांना, पण समाजसुधारणेसाठी आणि हिंदू मंदिरं सर्व जातींना उघडी करण्यासाठी सरकार कायदा करू शकतं. आणि त्याच घटनेत २७ वं कलम सांगतं की एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी खर्च होणार असा कर कुणावर लादता येणार नाही, २८ वं सांगतं की पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. ही तिन्ही कलमं मिळून वाचली की चित्र स्पष्ट होतं.

अंबाबाईच्या गाभाऱ्याचंच घ्या. महिलांना आत सोडायचं का यावर किती वाद झाले आमच्याकडे. १ एप्रिल २०१६ ला हायकोर्टाने सांगितलं की जिथं पुरुषांना प्रवेश आहे तिथं बायकांना अडवता येणार नाही, त्यासाठी १९५६ चा कायदा आहेच आणि अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. साठ वर्षं कायदा पुस्तकात पडून होता! तरी त्याच महिन्यात गाभाऱ्यात धक्काबुक्की झाली. सरकारचं काम इथं होतं, दारात उभं राहून आत जाणाऱ्या बाईला संरक्षण द्यायचं.

पण आत पूजा कशी करायची, देवीला साडी कुठली, हे सरकारने ठरवायचं कारण नाही. आमच्या देवस्थान समितीकडे अंबाबाई, जोतिबा धरून तीन हजारांवर देवळं आहेत आणि समितीवर माणसं नेमतं सरकार. सरकारच्या या नेमणुकांवर ज्यांचा आक्षेप आहे त्यांचं म्हणणं मला पटतं. हिशेब तपासा, जमिनी कुणी गिळल्या ते शोधा, आणि ते देऊळ, दर्गा, चर्च सगळ्यांचं सारख्याच कडकपणे करा, पण राजकीय सोयीची माणसं बसवायची जागा म्हणून देवाचं दार वापरू नका.

सरकारी ऑफिसचं मी स्वतः बघितलंय. आमच्या एका ऑफिसात दरवर्षी सत्यनारायण व्हायचा, वर्गणी सगळ्यांकडून. आमच्यातला एक मुस्लिम शिपाई होता, कुणी त्याला जबरदस्ती केली नाही पण नाही म्हणायची त्याची टापही नव्हती, साहेबच यादी घेऊन फिरतोय म्हटल्यावर. मला ते फार खुपायचं. घरी सत्यनारायण घाला, गल्लीत घाला, मी प्रसादाला येईन, पण जिथं माणूस दाखल्यासाठी अर्ज घेऊन येतो तिथं नको.

आणि धर्म वेगळा ठेवला की लोक तुटतात असं जे म्हणतात त्यांनी शिरोळ तालुक्यात कुरुंदवाडला जाऊन यावं, तिथं मशिदीत गणपती बसतो. पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्याला कुठला जीआर नाही, गावाने ठरवलं आणि गावच पाळतंय.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मंत्र्यांनी पूजेला जावं की नाही. जरूर जावं, त्यांनाही श्रद्धा आहे. फक्त पंढरपूरच्या आषाढीला मुख्यमंत्री करतात ती महापूजा 'शासकीय' असते, ती तशी नसावी असं मला मनापासून वाटतं. दरवर्षी दर्शनरांगेतलं एक वारकरी जोडपं मानाचं म्हणून सोबत घेतात ना, पूजा त्यांनाच करू द्या, आणि मुख्यमंत्र्यांनी वारकरी म्हणून रांगेतून दर्शन घ्यावं.