'खात्री आहे का?' विचारून काय होणार?

प्रश्न : दिंडोरी रोडवर आमचं द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचं काम आहे. बागायतदार अ‍ॅपवरून मागणी टाकतात, अ‍ॅप मीच बनवलंय. 'मागची मागणी पुन्हा टाका' यावर एकाचं चुकून बोट पडलं आणि गेल्या हंगामाची अख्खी मागणी परत आली. बागेचं नाव छापलेली १२०० खोकी दुसऱ्या कुणाला देणार? मालकांनी 'खात्री आहे का?' अशी चौकट टाकायला लावली. त्यानंतरही दोनदा तेच झालं. स्क्रीनचा फोटो सोबत पाठवतोय.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चौकट काढून टाका.

डिझाइनकडे वळण्याआधी मी सहा वर्षं सातपूरला पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या मशिनवर, काढली. आमच्या प्रेसला दोन बटणं होती, हातभर अंतरावर. दोन्ही तळव्यांनी एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा ठोकणारा भाग, खाली यायचा, म्हणजे तेवढा वेळ एकही हात खालच्या साच्यात, डायमध्ये, नसायचा. बटणांभोवती कडं, कोपर लागून दबू नयेत म्हणून. बंद करायचं मात्र लाल, छत्रीसारखं वर आलेलं, घाबरून कसंही थापटलं तरी लागणारं. पण पैसे नगावर मिळायचे, त्यामुळे आमच्यातलाच एकजण एक बटण दाबलेलंच राहील असं सुतळीने बांधून ठेवायचा. (प्रत्येक ठोक्याआधी दोन्ही बटणं सोडावीच लागतील अशी मशिनं आली, ती अशा सुतळ्यांमुळेच.)

तुमच्या चौकटीलाही लोकांनी सुतळी बांधलीय. दर मागणीला 'हो' दाबायचं म्हटल्यावर अंगठा वाचत बसत नाही. डिसेंबर २००५ मध्ये टोकियोत मिझुहो सिक्युरिटीज या शेअर दलाल कंपनीला १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. विकायला निघाले ६,१०,००० शेअर, १ येनला. संगणकाने इशारा दिला होता. नेहमीचाच समजून तो ओलांडला गेला आणि सुमारे ४० अब्ज येन बुडाले.

आता तुमचा फोटो. 'मागची मागणी पाहा' आणि 'पुन्हा टाका' एकाखाली एक, मधे केसाएवढी फट. अँड्रॉइडवाले दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटर ठेवा म्हणतात, आणि तेही कोरड्या बोटाला. तुमचा माणूस फवारणीतून ओल्या हाताने फोन काढतो! 'पुन्हा टाका' तिथून हलवा. शिवाय त्या बटणाने मागणी पाठवूच नये, नुसता फॉर्म भरून समोर ठेवावा. खोक्यांचा आकडा रिकामा सोडा, तो ज्याचा त्यानेच टाकायचा.

मुख्य गोष्ट छपाईची. नुकसान बटण दाबल्यावर होत नाही, नाव छापलं की होतं. जीमेल पाठवलेला मेल ५ ते ३० सेकंद धरून ठेवतं, मागे घ्यायचा तर घ्या म्हणून. तुमच्याकडे छपाई लागेपर्यंतचा वेळ आहे. मागणी आली की बागायतदाराला मेसेज जाऊ द्या : '१२०० खोकी, अमुक नाव, संध्याकाळी ६ ला छपाईला. नको असल्यास इथे दाबा.' हे 'इथे' मात्र लाल छत्रीएवढं मोठं ठेवा.

पडून असलेल्या खोक्यांचं म्हणाल तर नावावर कागद डकवून स्थानिक बाजाराला चालतील का, मालकांना विचारून बघा.