गुडघा बदलण्याआधी संधिवाताची गोळी बंद करायची का?

तुमच्या आईंचा गुडघा पुढच्या महिन्यात बदलायचाय, संधिवातासाठी त्यांची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे आणि 'घरचे सगळे म्हणतात मेथोट्रेक्सेट आत्ताच बंद करा, नाहीतर जखम चिघळेल' असं तुम्ही लिहिलंय. ते 'घरचे सगळे' वाचलं आणि लिहायला बसले. आमच्याकडे ते काम एकट्या दादाने केलं होतं.

माझा उजवा गुडघा २०१८ साली बदलला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "वाताच्या डॉक्टरांना एकदा विचारून या." दादा म्हणाला, "विचारायचंय काय त्यात? प्रतिकारशक्ती मारणाऱ्या गोळ्या त्या. बंद!" मीही ऐकलं. महिनाभर आधी बंद, महिनाभर नंतर बंद. गुडघा उत्तम बसला, पण आठवड्याभरात मनगटं आणि बोटं अशी सुजली की वॉकर धरवेना. पाय चालायला तयार आणि हात संपावर! फिजिओचा मुलगा यायचा, घड्याळ बघायचा, जायचा. वहिनी चमच्याने भरवायची.

डावा गुडघा २०२२ मध्ये. या वेळी आधी वाताच्या डॉक्टरांकडे गेले. मेथोट्रेक्सेट दर रविवारी ठरल्याप्रमाणे चालू, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, वाताचीच दुसरी गोळी) हीही चालू. २००१ साली इंग्लंडमधल्या ३८८ रुग्णांचा अभ्यास छापून आला होता. त्यात गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी २ टक्क्यांना गुंतागुंत झाली, बंद करणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना. मी प्रिंट काढून दादाला दिली. चष्मा नाही म्हणाला.

टाके दोन्ही वेळा चौदाव्या दिवशीच निघाले. दादा अजून लग्नाकार्यात सांगतो, "गोळ्या बंद केल्या म्हणून हिचा गुडघा वाचला." दुसऱ्या गुडघ्याचं विचारलं की चहा मागतो.

आईंना अ‍ॅडालिमुमॅबसारखं इंजेक्शन चालू असेल तर गोष्ट वेगळी. तो डोस गाळतात. दर पंधरा दिवसांनी घ्यायचं असेल तर शेवटच्या डोसनंतर तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन, आणि टाके निघून जखम सुकली की पुन्हा सुरू. टोफासिटिनिब ही वाताची गोळी ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवतात. स्टेरॉइडची रोजची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीच तोडायची नाही, त्याने जिवावर बेतू शकतं. मानेचा एक्स-रे काढायचा का, तेही भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. रुमेटॉइड प्रकारच्या संधिवातात मानेचे मणके सैल झालेले असू शकतात.

हो, आणि किडनीचा त्रास किंवा जंतुसंसर्ग झाला तर मेथोट्रेक्सेटही थांबवतात, तेव्हा माझं उदाहरण डॉक्टरांच्या तोंडावर फेकू नका. शिवाय हे सगळं गुडघा आणि खुबा बदलण्यापुरतंच.

काय चालू, काय बंद, कधीपासून, हे दोन्ही डॉक्टरांकडून एकाच कागदावर लिहून घ्या. गोळ्यांची डबी आईंच्याच उशाशी ठेवा. माझी दादाने कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली होती.