वावरातल्या कोठ्यावर अँटेना लावायचा, पाइप कोणता घ्यावा?

प्रश्न: नमस्कार भाऊ, आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, गावापासून दीडेक किलोमीटर. घरचं वायफाय कोठ्यापर्यंत न्यायचंय म्हणून 20 फुटी पाइपावर दोन फुटी डिश लावायचा विचार आहे, पण एप्रिल-मे मधे असं वादळ येतं की टिनं उडतात. दीड इंची पाइप चालेल का दोन इंची घेऊ? दुकानदार म्हणतो कोणताही घ्या.

उत्तर: कोणताही नका घेऊ भाऊ. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आयएस 875 (बांधकामावर येणाऱ्या भारांचं भारतीय मानक) मधे नागपूरसाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, म्हणजे ताशी जवळपास 158 किलोमीटर, तुम्हीपण तोच धरा. तेवढ्या वाऱ्यात दोन फुटी बंद (जाळीची नसलेल्या) डिशवर साधारण 40 किलोचा आडवा जोर बसतो आणि नुसता बुडाशी पक्का केलेला दीड इंची पाइप वाकणारच, दोन इंचीचाही भरवसा नाही.

खरं काम ताण करतात, म्हणजे पाइपाला बाजूंनी ओढून धरणाऱ्या तारा. दीड इंची बी-क्लास जीआय पाइप घ्या (3.2 मिमी जाडी, निळा पट्टा, पिवळा पट्टा असला तर तो हलका ए-क्लास, तो परत द्या) आणि डिशच्या जरा खाली तीन बाजूंनी सारख्या अंतरावर स्टे वायर, प्रत्येकीला टर्नबकल (तार कसायचा स्क्रू). बाइंडिंग तार नाही, नायलॉन दोरी तर नाहीच. ताणाची खुंटी बुडापासून 13-14 फुटांवर हवी, जवळ घेतली की तारेवर फुकटचा जोर येतो.

आता काळ्या मातीचं. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते, म्हणून नुसती ठोकलेली खुंटी वर्षभरात ढिली होते आणि एक ताण सैल पडला की पाइप बाकीच्या दोघांकडे झुकतो. मुरूम लागेपर्यंत खड्डा खणा, लोखंडी हूक काँक्रीटमधे बसवा, आणि पहिल्या दमदार पावसानंतर अन् परत एप्रिलमधे टर्नबकल तपासून कसा.

तसं दीड किलोमीटरला मधे झाडं नसतील तर दोन फुटी डिश लागतच नाही, छोटं चपटं पॅनल अँटेना पुरतं, वारापण कमी झेलतं. पाइपाला अर्थिंग कराच. आणि उभा करताना कोणत्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही अशीच जागा धरा, कोठ्याजवळून लाइन जात असेल तर जागा बदला.