वाचकांचे प्रश्न : ठेका नेमका कुठे चुकतो?

प्रश्न : स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेमध्ये (पॅरिस, 1913) पडदा उघडताना तंतुवाद्यांचे जे ठोके वाजतात, त्यावर टाळी धरता येत नाही. मात्रा सतत बदलतात का?

उत्तर : त्या जागी नाही. शेवटच्या बळीच्या नृत्यात मात्रा खरोखरच बदलत राहतात. इथे मात्र सरळ दोन-चतुर्थांश ताल आहे, प्रत्येक आवर्तनात चार सारखे ठोके. पहिली आठ आवर्तने म्हणजे 32 ठोके, आणि आघात, म्हणजे जास्तीचा जोर, फक्त 10, 12, 18, 21, 25 आणि 30 वर. पाय संथ ठेवा (दर दोन ठोक्यांना एकदा, म्हणजे आवर्तनात दोनदा), 32 पर्यंत मोजा आणि या सहा आकड्यांवरच टाळी द्या. बहुतेकांची गडबड 10 आणि 12 वर होते. हे दोन्ही ठोके पायाच्या मधे पडतात, पण कान त्यांनाच सम मानतो आणि पाय सरकतो. एकदा सरकला की 21 चा आघात, जो खरा समेवरच आहे, तोच चुकीचा वाटू लागतो!

वाद्यांची विभागणी फार विचारपूर्वक केली आहे. आठ हॉर्न (पितळी फुंकवाद्ये) फक्त आघातांवर वाजतात. तंतुवाद्यांना प्रत्येक ठोका खालच्या गजानेच काढायचा असतो. वर-खाली गज चालवला तर वरचा ठोका आपोआप हलका पडतो आणि नसलेला ठेका ऐकू येतो. एकत्र वाजणारा स्वरसमूहही (कॉर्ड) तोच राहतो : खाली एफ-फ्लॅट मेजर (पियानोवर ई मेजर), वर ई-फ्लॅट सेव्हन्थ. सूर हलत नाहीत, म्हणून सगळं लक्ष आघातांकडे जातं.