मराठीत ‘नाक’ या शब्दाचे अर्थ कोणते आणि तो कुठे कुठे वापरतात?

तुम्ही मराठी शिकताय आणि ‘नाकी नऊ आले’ ऐकून गोंधळलात असं लिहिलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ‘नाकी’ म्हणजे नाकात. घरी, दारी, कानी यांत दिसतो तोच हा सप्तमीचा ‘ई’. शरीराला नऊ दारं. त्या नऊंचा प्राण नाकाशी येऊन ठेपला, म्हणजे जीव मेटाकुटीला आला, असा अर्थ लावतात. ‘नाक दाबलं की तोंड उघडतं’ यातही श्वासच आहे. पाणी तोडण्याची नोटीस आली की वर्षभराची थकबाकी एका दिवसात भरली जाते, तेव्हा लोक हेच म्हणतात.

पण मराठीत नाकावर सगळ्यात मोठा भार आहे तो अब्रूचा. पोराने काही लाजिरवाणं केलं की घराण्याचं नाक कापलं जातं. एके काळी हे शब्दशः घडत असे. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान १७९२च्या युद्धात टिपूच्या हाती लागला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्यात त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४मध्ये ही हकिकत चित्रासह छापली आणि युरोपातल्या शल्यवैद्यांना ही पद्धत माहीत झाली. जीव न घेता माणसाला जन्मभर तोंड लपवायला लावणारी ही शिक्षा होती. नाशिकचं नावही लोकपरंपरा शूर्पणखेच्या कापलेल्या नाकाशीच जोडते.

अब्रू नाकात, म्हणून शरण जाणारा नाक घासतो किंवा नाक मुठीत धरून येतो आणि विरोधकाला न जुमानणारा त्याच्या नाकावर टिच्चून काम करतो. नाक घासणं आणि नाकदुऱ्या काढणं यांत मात्र गल्लत करू नका. पहिल्यात मानहानी आहे. दुसऱ्यात रुसलेल्याची मनधरणी, आणि ती प्रेमानेही होते. ‘नाकाने कांदे सोलू नकोस’ हे फक्त जवळच्या माणसालाच म्हणा. फुकाचा शहाणपणा मिरवतोस, असा त्याचा अर्थ असल्याने परक्याला ते चांगलंच झोंबेल.

नाकासमोर चालणारा म्हणजे सरळमार्गी. ही स्तुती आहे. वेसण म्हणजे बैलाच्या नाकपुड्यांमधला पडदा टोचून ओवलेली दोरी. त्यावरून ‘खर्चाला वेसण घाला’ आलं; तिथे नाक शब्द न उच्चारताच हजर असतो. नथीवरून आलेली म्हण ‘नाकापेक्षा मोती जड’. साहेबापेक्षा कारकुनाचा तोरा मोठा झाला, की ती आठवते.

आता सारखे दिसणारे पण वेगळे शब्द. संस्कृतातला ‘नाक’ म्हणजे स्वर्ग. अमरकोशात तो स्वर्गाच्या नावांतच येतो. आपलं नाक प्राकृतातल्या ‘णक्क’कडून आलेलं. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या शेवटी ‘नाक’ आहे. महार पुरुषांच्या नावाला तेव्हा ते लागत असे आणि चेहऱ्यावरच्या नाकाशी त्याचा संबंध नाही. शिदनाक, येसनाक ही नावं वाचताना हे माहीत असायलाच हवं. गोव्यात कोकणीत ‘नाका’ ऐकलंत तर तो नकार समजा: ‘म्हाका नाका’ म्हणजे मला नको.

व्याकरणात हिंदीभाषक हमखास अडखळतात ते लिंगापाशी. हिंदीत नाक स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी: ‘माझं नाक चोंदलंय’. आणि उन्हाळ्यात नाकातून रक्त आलं तर ‘घोळणा फुटला’ म्हणतात. ‘घोळणा’ म्हणजे नाकपुडीच. हा शब्द नक्की शिकून ठेवा.