पाळी अनियमित झालीय, घाम फुटतो, पण एफएसएच नॉर्मल आला. मग पाळी जायला लागलीय असं समजायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४६, पाळी कधी वीस दिवसांतच येते तर कधी दोन महिने पत्ता नसतो, पहाटे घामानं जाग येते आणि घरात सगळ्यांवर चिडचिड होते. डॉक्टर म्हणाल्या पाळी जायची सुरुवात आहे, आणि हातात एफएसएचचा, म्हणजे अंडाशयाला कामाला लावणाऱ्या हार्मोनचा, रिपोर्ट मात्र नॉर्मल. खरं कोणाचं मानायचं? दोन्ही खरं आहे. रिपोर्टही बरोबर आणि डॉक्टरही बरोबर.

मी डॉक्टर नाही. इथं कोल्हापुरात राजारामपुरीत एका लॅबमध्ये रक्त घेणं-तपासणं हे माझं काम, आणि स्वतः या वयातून गेले आहे. रिपोर्ट घेऊन गेलेल्या बायका दोन दिवसांनी परत येतात आणि हळू आवाजात हाच प्रश्न विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अंडी असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि सगळ्या आयुष्यात मिळून चारशे-पाचशेच पिकून बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरतात, नवीन होत नाहीत. दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी रक्तात एफएसएच सोडते. त्या सांगाव्यावर अंडाशयातला एक फॉलिकल, म्हणजे अंड्याभोवतीचा बारीक फुगा, वाढतो आणि इस्ट्रोजेन तयार करतो, त्यानं गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं. अंडं बाहेर पडलं की तोच फॉलिकल प्रोजेस्टेरॉन तयार करू लागतो, ते अस्तराला धरून ठेवतं. दोन्ही हार्मोन उतरली की पाळी येते.

आता चाळिशीनंतर काय होतं? बहुतेकींना वाटतं की इस्ट्रोजेन दर वर्षी थोडं थोडं कमी होत जातं. पण तसं नसतं, आधी घसरतं ते प्रोजेस्टेरॉन. काही महिने अंडं बाहेरच पडत नाही, त्यामुळे त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नसतंच. इस्ट्रोजेन मात्र चालू असतं, अस्तर वाढत राहतं, आणि मग एकदा पाळी आली की गाठी पडतात, दहा-दहा दिवस अंगावर जातं. इकडे अंडाशयाचा प्रतिसाद मंदावतो. समोरच्याला कमी ऐकू येत असेल तर आपण आवाज चढवतो ना, तशी पिट्युटरी एफएसएच वाढवते. त्या जोरानं एखाद्या महिन्यात अंडाशय असं काही कामाला लागतं की इस्ट्रोजेन पंचविशीत असेल त्याहूनही वर जातं. छाती दुखते, अंग जड होतं. पुढच्या महिन्यात तेच तळाला. तुमचा घाम आणि चिडचिड या चढ-उताराची आहे. इस्ट्रोजेन कायमचं खाली स्थिरावतं ते शेवटच्या पाळीच्या आसपास, आणि तिथं पोहोचायला चार-पाच वर्षंही लागतात.

म्हणून एफएसएचचा एक आकडा म्हणजे फक्त त्या सकाळची स्थिती. एकाच बाईचा एफएसएच मी फेब्रुवारीत चाळीसच्या वर पाहिलाय आणि मे महिन्यात दहाच्या आत, मधल्या काळात तिला व्यवस्थित पाळीही येऊन गेलेली. पंचेचाळिशीपुढच्या बाईला अशी लक्षणं असतील तर निदानासाठी हार्मोनची तपासणी लागतच नाही, वय आणि पाळीचा इतिहास पुरेसा असतो. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्या देशात ते साधारण ४६-४७ च्या सुमारास होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर गोष्ट वेगळी, तिथं तपासण्या हव्यातच. तुम्ही मात्र त्या महागड्या हार्मोन पॅकेजवर पुन्हा पैसे घालू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीचे दिवस, किती अंगावर गेलं आणि कुठल्या रात्री घाम आला एवढं मांडा. तीन महिन्यांचं ते पान डॉक्टरांना माझ्या रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

पैसे घालायचे तर टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि हिमोग्लोबिनवर घाला. थायरॉईड बिघडला तरी हेच सगळं होतं: पाळी मागेपुढे, घाम, धडधड, वजन, मूड. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधी लॅबमध्ये सांगा, त्यानं थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. हे सहसा कुणी विचारत नाही आणि बाईही सांगत नाही. हिमोग्लोबिन सात-आठवर आलेली बाई "वयामुळे दम लागतो" म्हणत जिने चढत असते, ते बघून जीव तुटतो. आणि रात्रीच्या घामासोबत वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, तर टीबीही बघून घ्यायला हवा.

घाम का येतो हे थोडक्यात: शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये असतं. इस्ट्रोजेन हलायला लागलं की ते फार हळवं होतं, जराशा उष्णतेनंही त्याला अंग तापलंय असं वाटतं आणि ते वाफा बाहेर काढतं. मिनिटभरानं हुडहुडी भरते ती त्यामुळेच. हे मनाचे खेळ नाहीत, घरच्यांना हे वाचून दाखवा.

एक गोष्ट मात्र पोटतिडकीनं सांगते. अंगावर फार जातं म्हणून कुणी पटकन "पिशवी काढून टाका" म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. आपल्याकडं ऊसतोडीला बीडकडून येणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलंय. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर जे चार-पाच वर्षांत सावकाश व्हायचं ते एका दिवसात होतं. नुसती पिशवी काढली तरी अंडाशयं थोडी लवकर थकू शकतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी एक वस्तू आत बसवता येते. आधी सोनोग्राफी, मग हे उपाय, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत. खासगीत परवडत नसेल तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात जा. काही वेळा ऑपरेशन खरंच लागतं, पण ते शेवटी.

हार्मोनच्या गोळ्यांची भीती तुम्ही लिहिली आहे. ती २००२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून आली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत आणि त्रास खूप असेल तर बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो, असं आता तज्ज्ञ मानतात. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार झालेला असेल तर या गोळ्या नकोत. शेजारणीच्या चिठ्ठीवर तर मुळीच घेऊ नका.

पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं हाडं सगळ्यात वेगानं झिजतात, त्याची तयारी आतापासून करा. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. नाचणी गगनबावडा-राधानगरीकडची आपल्याकडं मुबलक मिळते, आंबील करा, भाकरी करा. गंगावेशीतलं धारोष्ण दूध चवीला छान, पण उकळूनच प्या. रंकाळ्याला चक्कर मारता ते चांगलंच, त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम असू दे.

आणि दोन गोष्टी ज्या विचारायला बायका लाजतात. पाळी मागेपुढे होत असली तरी दिवस जाऊ शकतात. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढं दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यायची. आणि वर्षभर पाळी नसताना एक डाग जरी दिसला तरी "परत आली वाटतं" म्हणून सोडून देऊ नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण गर्भपिशवीच्या कॅन्सरची पहिली खूणही हीच असते आणि लवकर सापडला तर तो बरा होतो.